घसा बसलाय, मग फोटो छातीचा कशाला?

जांबोटीची_पोर | सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. प्रश्न मावशीचा आहे. ती खानापूर तालुक्यात राहते, वय ६२. गावच्या भजनी मंडळात पहिला आवाज तिचाच असतो. दोन महिन्यांपूर्वी घसा बसला तो अजून सुटला नाही. आधी वाटलं गारठा, मग वाटलं सप्ताहात ताणून म्हटलं म्हणून. मिठाच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळद-दूध सगळं करून झालं. शेवटी बेळगावात घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून बघितलं आणि म्हणाले, घशात गाठ नाही, सूज नाही, पण डावा स्वरतंतू हलत नाही. आणि चिठ्ठीवर लिहिलं काय, तर छातीचा सीटी स्कॅन.

मावशी तिथंच हटून बसली. "गळा बसलाय तर छातीचा फोटो कशाला गे? उद्या गुडघा दुखला तर डोकं तपासशील?" मला काही सांगता येईना. डॉक्टर कन्नडमध्ये समजावत होते, रिपोर्ट इंग्रजीत, मावशी मराठीत भांडायली, आणि मधे मी.

गावाकडं आधी एक साधा एक्स-रे काढला होता. त्यावर लिहिलंय, 'मीडियास्टायनम रुंद दिसतो'. हा कुठला अवयव? शाळेत हृदय, फुप्फुस, जठर सगळ्यांची चित्रं काढली, हे नाव कधी ऐकलं नाही. सीटी शनिवारी आहे. काढायचा की नाही, तेवढं सांगा.

चोर्लाघाट | सोमवार, रात्री ९.३०

कशाला काढताय? हल्ली शिंक आली तरी स्कॅन सांगतात. सितोपलादी मधातून द्या, थंड पाणी बंद करा, आठ दिवसांत आवाज येतोय बघा.

तंबाखूची_वखार | सोमवार, रात्री ९.४१

घाटवाले, दोन महिने झालेत ओ, आठ दिवस कधीच संपले.

हाडांची_पेटी | सोमवार, रात्री ११.०५

जांबोटीच्या ताई, सीटी काढा. आधी उत्तर, मग कारण. मी ३१ वर्षं शरीररचना शिकवली, आता निवृत्त आहे. तुमच्या मावशींनी विचारलेला प्रश्न पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत मी दरसाल विचारायचो, आणि निम्मी पोरं गप्प बसायची.

मीडियास्टायनम हा अवयव नाही, जागा आहे. छातीत डावं आणि उजवं अशी दोन फुप्फुसं, प्रत्येक आपापल्या पातळ पिशवीत. या दोन पिशव्यांच्या मधे जे जे उरतं ते मीडियास्टायनम. पुढं छातीचं उभं हाड, मागं पाठीचे बारा मणके, खाली मध्यपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा. वर मात्र झाकण नाही, वर थेट मान. ही वरची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता तुमची नस. स्वरयंत्राचे स्नायू हलवणारी नस मेंदूतून सरळ घशात यावी असं कुणालाही वाटेल. ती तशी येत नाही. मोठी प्राणेशा नस मानेतून खाली उतरते, स्वरयंत्र मागं टाकून थेट छातीत जाते. डावीकडं हृदयातून निघालेल्या महारोहिणीची कमान असते, त्या कमानीखालून तिची एक फांदी वळसा घेते आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्या बेचक्यातून परत वर चढते, तेव्हा कुठं स्वरयंत्राला पोचते. बेळगावात टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटवरून दुसऱ्या गेटला जायचं, तर खानापूरला जाऊन परत यावं, तसा हा प्रवास. उजवी फांदी मानेच्या बुडाशीच हाताकडं जाणाऱ्या रोहिणीखालून वळते, तिला छातीत फारसं उतरावं लागत नाही. म्हणून डावा तंतू बंद पडला की डॉक्टर आधी छातीत बघतात. वाटेत कुठंतरी तिला काहीतरी दाबतंय का, एवढंच बघायचं असतं.

कुंदा_प्रेमी | सोमवार, रात्री ११.२०

खानापूरला जाऊन परत! आणि ते पण गेट बंद असताना.

शब्दकोडं | मंगळवार, सकाळी ७.५५

मराठीत याला 'मध्यावकाश' म्हणतात. चांगला शब्द असताना मीडियास्टायनम कशाला?

हाडांची_पेटी | मंगळवार, सकाळी ८.४०

शब्द मला माहीत आहे आणि माझं त्याच्याशी भांडण आहे. अवकाश म्हटलं की ऐकणाऱ्याला रिकामी खोली दिसते. तिथं रिकामं काही नाही. हृदय आहे, त्याच्यातून निघणाऱ्या आणि त्यात येणाऱ्या सगळ्या मोठ्या वाहिन्या आहेत, श्वासनलिका, अन्ननलिका, लसीका वाहून नेणारी वक्षवाहिनी, नसा, गाठी, चरबी, सगळं सैलसर ऊतकात एकमेकांना चिकटून. आणि ते जागचं हलतं. एका बाजूच्या पिशवीत पाणी भरलं की सगळा मधला भाग दुसऱ्या बाजूला सरकतो. एखादं फुप्फुस मिटलं की त्या बाजूला ओढला जातो. खोलीच्या भिंती अशा सरकत नाहीत.

पोकळी म्हणणाऱ्यांवर तर माझा जास्तच राग आहे.

तंबाखूची_वखार | मंगळवार, सकाळी ९.१५

सर, लक्ष्मीच्या यात्रेत बकरं सोलताना बघितलंय. मानेकडून नळी धरून ओढली की नळी, दोन्ही फोफसं, मधे हृदय, सगळा झुबका एकदम बाहेर येतोय. तेच काय?

हाडांची_पेटी | मंगळवार, सकाळी ९.३२

तेच. फोफसं बाजूला काढून ठेवली की हातात उरतं ते जवळजवळ मीडियास्टायनम. माझ्या विद्यार्थ्यांना आठवडा लागायचा हे समजायला.

शब्दकोडं | मंगळवार, सकाळी ९.४०

विषय निघालाच आहे म्हणून. मटणाच्या दुकानात 'काळीज' मागितलं की यकृत मिळतं, आणि 'काळीज तुटलं' म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो. कन्नडमध्ये 'एदे' म्हणजे छातीही आणि हिंमतही. डॉक्टर मावशींना 'एदे' म्हणाले असतील तर त्यांनी नेमकं काय ऐकलं कुणास ठाऊक.

संपादक_मंडळ | मंगळवार, सकाळी १०.००

भाषेवरून पुढं जाऊ नका. त्याला वेगळा धागा आहे, तो सध्या बंद आहे.

क्षकिरण | मंगळवार, दुपारी २.१०

मी निपाणीत एक्स-रे काढतो, अठरा वर्षं झाली. ताई, एक विचारू? गावाकडचा तो फोटो मावशींना उभं करून काढला की बसवून? यंत्र पाठीमागं होतं की छातीसमोर?

जांबोटीची_पोर | मंगळवार, दुपारी ३.२५

स्टुलावर बसवून. यंत्र समोर होतं, पाटी पाठीला. तिला धाप लागत होती म्हणून उभं केलं नाही.

क्षकिरण | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

तरीच. आता नीट ऐका. छातीचा चांगला फोटो म्हणजे पेशंट उभा, छाती पाटीला टेकलेली, हात कमरेवर, कोपर पुढं ढकललेले म्हणजे खांद्याची हाडं बाजूला सरकतात, आणि किरण पाठीकडून येतात. किरणांची नळी पाटीपासून सहा फूट दूर. दीर्घ श्वास आत घेऊन थांबायचं. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, ते पाटीच्या जवळ आलं की सावली खऱ्या मापाजवळ पडते.

समोरून काढला तर हृदय पाटीपासून लांब राहतं, आणि नळीही बहुतेक वेळा जवळ असते. कंदिलासमोर हात धरला की भिंतीवर पंजा केवढा पडतो, तसं. त्यात बसून काढलेला आणि श्वास अर्धाच घेतलेला असला की मधली सावली आणखी फुगते. 'रुंद दिसतो' हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा वाचतो. त्यातल्या कितीतरी जणांना परत नीट उभं केलं की रुंदी जाते. म्हणून घाबरू नका. पण म्हणून सोडूनही देऊ नका. आवाज गेलाय तो काही माझ्या पाटीनं घालवलेला नाही.

चोर्लाघाट | मंगळवार, संध्याकाळी ७.०५

म्हणजे मी म्हटलं तेच ना, फोटोत काही नाही.

क्षकिरण | मंगळवार, संध्याकाळी ७.०९

नाही ओ. फोटो नीट काढलेला नाही एवढंच म्हटलं.

सुईदोरा | मंगळवार, रात्री १०.३०

मूळची चिकोडीची, सध्या पुण्यात हृदयाच्या अतिदक्षता विभागात नर्स. ताई, 'धाप लागत होती' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. ती धाप कधीपासून? रात्री किती उशा घेतात? पायांवर सूज? गिळताना अडकतं का? लहानपणी सांधे सुजले होते का?

जांबोटीची_पोर | बुधवार, सकाळी ६.४०

आईला विचारून लिहितेय. धाप दोन-तीन वर्षं आहे, चढावर. आम्ही म्हणत होतो वय झालं. उशा तीन घेते, म्हणते आडवं झालं की दडपतं, सवय झालीय. भाकरी कधी कधी छातीत अडकल्यासारखी वाटते, मग पाणी पिते. आणि हो, सांधे. आई म्हणाली, मावशी अकरा वर्षांची असताना घसा आला होता, त्यानंतर गुडघे, घोटे, मनगटं एकामागून एक सुजली, दीड महिना अंथरुणात होती. त्यासाठी शाळा सुटली ती सुटलीच.

ताई, तुम्ही सांध्यांचं कसं काय विचारलंत?

सुईदोरा | बुधवार, सकाळी ७.१५

ड्युटीवर निघतेय, रात्री लिहिते. हृदयाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, सीटीच्या बरोबरीनं किंवा आधीच. ज्या डॉक्टरांनी सीटी सांगितला त्यांना हे सगळं सांगा, उशा आणि सांधे विसरू नका.

हाडांची_पेटी | बुधवार, सकाळी ९.२०

सुईदोरा बाईंनी नेमकं धरलं. त्या येईपर्यंत मी नकाशा काढतो, नाहीतर हे सगळं एकत्र का आलं ते कळणार नाही.

गळ्याखालच्या खोबणीत बोट ठेवा. तिथून छातीच्या हाडावरून सरळ खाली चार-पाच सेंटिमीटर सरका. एक आडवा उंचवटा लागेल. तिथंच दुसरी बरगडी हाडाला मिळते, बरगड्या मोजायला आम्ही तिथूनच सुरुवात करतो. त्या उंचवट्यापासून मागं सरळ रेषा मारली तर ती पाठीच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधल्या चकतीला लागते. शरीररचनावाल्यांनी ही रेषा आखून मीडियास्टायनमचे वरचा आणि खालचा असे दोन भाग केले. खालच्याचे परत तीन. हृदय आणि त्याची पिशवी तो मधला, त्याच्यापुढं छातीच्या हाडामागचा चिंचोळा पुढचा, आणि हृदयामागं मणक्यांपर्यंतचा मागचा.

रेषा कागदावरची. महारोहिणीची कमान या रेषेवरून वर जाते आणि याच रेषेवर परत खाली येते. श्वासनलिका इथंच दोन फाटे होते. आपली नस हीच रेषा ओलांडून खाली जाते, वळते, परत वर येते. बाची आणि शिनोळीच्या मधे दोन राज्यांची जी रेषा आहे तिला ओलांडून लोक रोज दूध घालायला जातात, तसंच.

कुंदा_प्रेमी | बुधवार, सकाळी ९.३१

संपादक, सरांनी सीमा काढली.

संपादक_मंडळ | बुधवार, सकाळी ९.५०

शरीरातली सीमा चालेल.

हाडांची_पेटी | बुधवार, सकाळी १०.१०

पुढं. हृदयाची डावी कर्णिका. नाव डावी, पण ती खरं तर हृदयाची पाठ आहे, चारही कप्प्यांत सगळ्यात मागं. तिच्या पाठीला टेकून काय जातं? अन्ननलिका. मधे फक्त हृदयाच्या पिशवीची भिंत. कर्णिका फुगली की भाकरी अडकते. तिच्या डोक्यावर श्वासनलिकेचा फाटा बसलेला. ती फुगली की फाट्याचा कोन रुंदावतो. आणि तिच्यात रक्त तुंबलं की ते मागं फुप्फुसांत तुंबतं, म्हणून आडवं झालं की दडपतं. फुप्फुसाकडं जाणारी मोठी रोहिणीही दाबानं फुगते, आणि ही फुगलेली डावी फुप्फुस रोहिणी नेमकी महारोहिणीच्या कमानीखाली असते. त्या दोन्हींच्या मधे कोण सापडतं ते आता तुम्हीच सांगा.

व्हिएन्नाचे नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ मध्ये हृदयाचा व्हॉल्व आकसलेल्या रोग्यांत आवाज गेल्याचं लिहिलं. त्यांना वाटलं होतं फुगलेली कर्णिकाच नस दाबते. पुढं कळलं की दाबणारी बहुधा फुप्फुस रोहिणी. मावशींचं हेच आहे असं मी म्हणत नाही. याच वाटेवर क्षयाच्या गाठी असू शकतात, महारोहिणीचा फुगा असू शकतो, फुप्फुसाच्या वरच्या भागातला कर्करोग असू शकतो. सीटी त्यासाठीच.

तंबाखूची_वखार | बुधवार, सकाळी १०.४०

निपाणीकडं शेवटचं ते फार बघितलंय. आमच्या वखारीतले एक अण्णा. आवाज बसला, म्हणाले तंबाखूची धूळ. सहा महिने धूळच म्हणत राहिले.

सुईदोरा | बुधवार, रात्री ११.४५

आले. सांध्यांचं असं. लहानपणी एका ठराविक जंतूनं घसा येतो. दोन-तीन आठवड्यांनी शरीर त्या जंतूविरुद्ध लढता लढता चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या व्हॉल्ववर उठतं. सांधे बरे होतात, खूण राहत नाही. व्हॉल्व मात्र आतून जखमी राहतो, वर्षानुवर्षं जाड होत, आकसत जातो. डाव्या कर्णिकेतून खालच्या जवनिकेत रक्त सोडणारा मिट्रल व्हॉल्व सगळ्यात जास्त मार खातो. त्याचं तोंड मोठ्या माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतं. ते दीड किंवा त्याहून कमी झालं की आजार गंभीर धरतात. आमच्याकडं असे पेशंट कायम येतात, बहुतेक बायका, आणि प्रत्येकीच्या घरचे म्हणतात, वय झालं म्हणून धाप लागत होती.

पेटी सर वर म्हणाले की मीडियास्टायनमला वर झाकण नाही, त्याचं एक बघितलेलं सांगते. आधी मी एका जनरल वॉर्डला होते, कुठं ते राहू दे. एक तरुण मुलगा दाढ सुजून आला. बाहेर कुणी तरी गोळ्या देऊन चार दिवस घालवले होते. मानेला सूज, मग छातीत कळ. दाढेचा पू मानेतल्या थरांमधून थेट हृदयाच्या मागं उतरला होता. श्वास आत घेताना छातीत ओढ निर्माण होते, ती ओढ पू खाली खेचते. मान आणि छातीचा मध्य यांच्यामधे दार नाहीच. छाती उघडून पू काढला, वाचला तो. तेव्हापासून दाढ सुजली की मी घरात कुणालाही थांबू देत नाही.

चोर्लाघाट | गुरुवार, सकाळी ८.१०

बरं बुवा. इको करा.

जांबोटीची_पोर | शनिवार, रात्री ८.३०

इको आणि सीटी दोन्ही झालं. परत उभं करून साधा एक्स-रेसुद्धा. क्षकिरण दादा, तुम्ही म्हटलंत तसंच, वरचा भाग आता रुंद नाही. पण हृदयाच्या उजव्या कडेला सावलीत सावली दिसते म्हणाले, आणि श्वासनलिकेचा फाटा पसरलेला. सीटीत गाठी नाहीत, महारोहिणीला फुगा नाही, फुप्फुसात काही नाही. डावी कर्णिका मोठी, फुप्फुस रोहिणी रुंद. इकोत मिट्रल व्हॉल्वचं तोंड १.१ चौरस सेंटिमीटर.

मावशीला मी खिडकीशी बसवून सगळं सांगितलं, गेटचं उदाहरण देऊन. तिनं ऐकलं आणि विचारलं, "पण देवानं ती शीर आखूड का नाही केली? एवढा वळसा कशाला?" मला हसू आलं, पण उत्तर नाही. पेटी सर?

हाडांची_पेटी | रविवार, सकाळी ७.२०

मावशींना नमस्कार सांगा. तोंडी परीक्षेतला पुढचा प्रश्न त्यांनी स्वतःच विचारला, एकाही विद्यार्थ्यानं कधी विचारला नव्हता.

ती नस आखूडच होती. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना हृदय छातीत नसतं. ते डोक्याखाली, होणाऱ्या गळ्याच्या जागी धडधडत असतं. तिथून रोहिणींच्या सहा जोड्या कमानींसारख्या निघतात, सगळ्या एकदम नाहीत, काही येतात काही जातात. स्वरयंत्राची नस सहाव्या कमानीखालून सरळ आपल्या जागी जाते, वळसा नाही काही नाही. मग मान लांबते आणि हृदय खाली उतरतं. उतरताना कमानी घेऊन उतरतं, आणि कमानीखाली अडकलेली नस दोरीसारखी खाली ओढली जाते. उजवीकडची सहावी कमान पुढं विरून जाते, म्हणून ती नस वर निसटते आणि चौथ्या कमानीपाशी अडकते, म्हणजे हाताच्या रोहिणीखाली. डावीकडची राहते. जन्मापर्यंत तिच्यातून रक्त वाहतं, नंतर ती सुकून दोरा होते, आणि नस त्या दोऱ्याला वळसा घालूनच राहते. जिराफात हा वळसा चार मीटरहून लांब होतो, तिथं तर विचारूच नका.

आणि हृदय एकटं उतरत नाही. मध्यपटलसुद्धा मानेतून खाली येतं. पुरावा असा की त्याची नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मणक्यापासून निघते आणि हृदयाच्या पिशवीवरून चालत खाली जाते. म्हणून मध्यपटलाला खालून काही टोचलं की दुखतं खांद्यात. छातीच्या हाडामागची यौवनलोपी ग्रंथी तीही गळ्यातूनच उतरलेली. तेव्हा मावशींना सांगा, गळ्याचा फोटो छातीत काढला नाही. छातीचा मधला भागच एकेकाळी गळा होता.

थोडं विषयांतर. हे सगळं मी पुस्तकातून कमी आणि देहदान केलेल्यांकडून जास्त शिकलो. आपल्याकडं बेळगावात १९६३ मध्ये मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा देहदान हा शब्दच कुणाला ठाऊक नव्हता. बैलहोंगलच्या डॉ. रामण्णवर यांनी देह दिला आणि २०१० मध्ये शरीररचना शिकवणाऱ्या त्यांच्या मुलानंच बेळगावात विद्यार्थ्यांसमोर त्याचं विच्छेदन केलं. ती बातमी वाचून मी अर्ज भरला. बायको आठ दिवस बोलली नाही.

तंबाखूची_वखार | रविवार, सकाळी ९.०५

सर, अर्ज कुठं मिळतो ते व्यक्तिगत निरोपात कळवा.

जांबोटीची_पोर | बुधवार, दुपारी १.१५

व्हॉल्व फार कडक झालेला नाही म्हणून छाती न उघडता फुग्यानं रुंद करायचं ठरतंय. जांघेतल्या नीलेतून तार घालून हृदयाच्या उजव्या बाजूला, मधला पडदा टोचून डाव्या बाजूला, आणि व्हॉल्वच्या तोंडात फुगा फुगवायचा. पण त्याआधी कर्णिकेत रक्ताची गुठळी नाही ना बघायला एक तपासणी आहे. ती कशी? घशातून नळी घालून!

मावशी डॉक्टरांना म्हणाली, "गळ्याला आले तर छाती बघितली, आता छातीला आले तर गळ्यातनं बघणार. एकदा ठरवा की." मी ते कन्नडमध्ये सांगितलं तर डॉक्टर हसत सुटले.

सुईदोरा | बुधवार, दुपारी २.४०

पेटी सर म्हणाले ना, अन्ननलिका कर्णिकेच्या पाठीला टेकून असते. छातीवरून इको करताना मधे बरगड्या आणि हवेनं भरलेलं फुप्फुस येतं, चित्र अंधुक पडतं. अन्ननलिकेतून बघितलं की मधे फक्त दोन पातळ भिंती. गुठळी बसते ती कर्णिकेच्या कानासारख्या खिशात, तो खिसा बाहेरून दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. सहा तास उपाशी ठेवतील, घसा बधिर करतील. भाकरी अडकते हे आधी सांगा, महत्त्वाचं आहे.

क्षकिरण | बुधवार, दुपारी ३.००

नळी बोटाएवढी जाड असते, उगाच बारीक म्हणून सांगू नका. गिळा म्हटलं की गिळायचं, सोपं जातं. फुगा मूळ जपानचा, कांजी इनोउए यांचा, १९८४ मध्ये त्यांनी तो जगासमोर मांडला. मधे कमरेसारखा आवळलेला असतो, त्यामुळं व्हॉल्वमधे बसून राहतो, घसरत नाही.

चोर्लाघाट | बुधवार, रात्री ८.२०

आवाज परत येणार काय?

सुईदोरा | बुधवार, रात्री ९.००

सांगता येत नाही. दाब कमी झाला आणि नस फार काळ दबलेली नसली तर काही महिन्यांत येतो. कधी येत नाही, मग दुसरा तंतू शिकून घेतो, किंवा घशाचे डॉक्टर काही करतात.

जांबोटीची_पोर | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, संध्याकाळी ५.५०

गुठळी नव्हती. फुगा मंगळवारी झाला. व्हॉल्व १.१ वरून १.९ झाला म्हणाले. काल घरी आणली. आवाज आहे तसाच, घोगरा. भजनाला शनिवारी जाणार म्हणते, झांज वाजवायला तरी.

रात्री एकच उशी घेतली. उरलेल्या दोन आज सकाळी धुऊन गच्चीवर वाळत घातल्यात.